खुनी ओळखला गेला, म्हणून कादंबरी फसली का?

नागपूरच्या मानेवाडा भागातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या पतसंस्थेत नोकरी करतात. दोन वर्षं रात्री जागून त्यांनी एक रहस्यकादंबरी पूर्ण केली, साधारण ६५ हजार शब्दांची. सोबत पाठवलेल्या आराखड्याचा सारांश असा: नागपूरच्या महाल भागातला जुना वाडा, मे महिना. संत्र्यांच्या अडतीतून निवृत्त झालेले काकाजी सकाळी साडेसहाला गच्चीवरच्या खोलीत मृत सापडतात. कूलर चालू असतो. घरचे डॉक्टर कपाळाला हात लावून सांगतात, "अंग गरम आहे, जाऊन फार तर दोन तास झाले असतील." संशयित पाच: पुतण्या, सून, भाडेकरू मास्तर, मुनीम आणि वाड्यावर डोळा असलेला बिल्डर. पहिल्या खर्ड्यात खुनी पुतण्या होता. पाच जणांना वाचायला दिलं, तिघांनी निम्म्यातच ओळखलं. मग ताईंनी शेवटची चार प्रकरणं बदलून खून मास्तरांच्या माथी मारला. शेवटून दुसऱ्या प्रकरणात जबलपूरहून एक जुनं पत्र येतं आणि मास्तरांचं वैर उघड होतं. आता कुणालाच ओळखता आलं नाही, पण पाचही जण नाराज. मैत्रीण म्हणाली, "ही तर फसवणूक झाली." ताई विचारतात, "ओळखलं तरी नाराज, नाही ओळखलं तरी नाराज. पुरावे आणखी कसे लपवू?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. पहिला खर्डा वाचून तुमचा भाचा म्हणाला, "पुतण्याच आहे हे कळलं होतं, पण त्याने केलं कसं याचा शेवटपर्यंत विचार करत होतो, आणि तू ते सांगितलंच नाहीस." अख्ख्या पत्रात मला हेच वाक्य सगळ्यात मोलाचं वाटलं. खुनी ओळखूनही हा मुलगा शेवटच्या पानापर्यंत आला. त्याचा हिरमोड झाला तो वेगळ्याच कारणाने.

तुम्ही असं धरून चालला आहात की रहस्यकथा ही लेखक आणि वाचक यांच्यातली लपाछपी आहे. वाचकाने ओळखलं की लेखक हरला. वाचकाच्या बाजूने बघा. त्याला ओळखता आलं नाही तरी चालतं, उलट बहुतेकांना तेच हवं असतं. मात्र उत्तर कळताच "अरे, हे तर माझ्या समोरच होतं" असं म्हणता आलं पाहिजे. त्यासाठी त्याला मागे जाऊन पानं उलटता यायला हवीत. जबलपूरच्या पत्रानंतर तुमच्या वाचकाने मागे जावं तरी कुठे? मास्तर तुमच्या आराखड्यात चार प्रकरणांत येतात, त्यातल्या एकात तर नुसता प्रसाद देऊन जातात. वाचकाने सहा-सात तास लक्ष देऊन जे जमवलं, त्यातलं काहीच उत्तराच्या कामी आलं नाही. मैत्रिणीने "फसवणूक" हा शब्द रागाने वापरला असेल, पण तो अगदी नेमका आहे.

रोनाल्ड नॉक्स नावाच्या ब्रिटिश धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, १९२९ साली या प्रकारासाठी दहा नियम मांडले होते. त्यातले काही आता जुनाट वाटतात. पहिला मात्र अजून पक्का आहे: गुन्हेगाराची ओळख कथेच्या सुरुवातीलाच झालेली असावी. तोंडओळख पुरत नाही. वाचकाने त्याच्याबद्दल काहीतरी मत बनवलेलं असलं पाहिजे, नाहीतर ते मत उलटणार कसं?

आपल्याकडे "रहस्यकथा" या एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी बसवल्या जातात. बाबूराव अर्नाळकरांचा झुंझार वाचताना आपण धाडसासाठी आणि वेगासाठी वाचतो. तिथे पुढे काय होणार हा प्रश्न असतो. तुम्ही लिहिली आहे ती कोडेवजा कथा. इथे प्रश्न मागचा असतो: काय घडलं, आणि ते मला दिसलं कसं नाही? धाडसकथेत शेवटी नवं पत्र, नवा माणूस आला तर चालून जातं, कोड्यात नाही.

आता तुमच्यापुढे दोन वाटा दिसतात. मास्तरांनाच खुनी ठेवून मागे पेरणी करायची, किंवा पुतण्याकडे परत जायचं. मास्तरांची वाट मनात असेल तर आधी एक तपासणी करा. पूर्ण प्रिंट काढा आणि खुनी कोण हे माहीत आहे असं धरून पहिल्यापासून वाचा. उत्तर कळल्यावर ज्या वाक्याचा अर्थ बदलतो, त्या प्रत्येक वाक्याखाली रंगीत पेनने रेघ ओढा. तुमच्याएवढ्या कादंबरीत मला अशा बारा-पंधरा तरी रेघा दिसाव्या वाटतात. त्यातल्या तीन अशा हव्यात, की त्या काढल्या तर खुनी सिद्धच होणार नाही. आराखडा पाहता मास्तरांच्या वाट्याला दोन-तीन रेघाही येणार नाहीत. म्हणजे चार प्रकरणं बदलून भागणार नाही, किमान दहा-बारा प्रसंग नव्याने लिहावे लागतील. माझं मत विचाराल तर पुतण्याकडे परत जा. तो या गोष्टीचा खरा खुनी आहे, वाड्याचं सगळं दुखणं त्याच्याभोवतीच आहे.

"पण त्याला तर लगेच ओळखतात!" ओळखतात, पण पुराव्यांवरून नाही, तुमच्यावरून. आराखड्यात फौजदार प्रत्येकाची जबानी घेतो. पुतण्याची मात्र चौदाव्या प्रकरणापर्यंत घेतच नाही. घरात सगळे करवादलेले असताना हा एकटा गोड बोलतो. वाचकाला लेखिकेचा हात दिसतो आणि तो म्हणतो, "याला झाकून ठेवलंय." नवख्या रहस्यकथेत खुनी उघडा पडतो तो बहुतेक असाच. दुव्यांपेक्षा, म्हणजे उत्तराकडे नेणाऱ्या खुणांपेक्षा, लेखकाची काळजीच चुगली करते. कमी लपवणं हाच यावर उपाय. पुतण्यावर पहिला संशय तुम्हीच घ्या, तिसऱ्या प्रकरणात, उघडपणे. त्याला चौकीवर बसवा, घाम फुटू द्या. मग एका भक्कम कारणाने सोडा. वाचक त्याला मनातून खोडतो, आणि एकदा स्वतः खोडलेल्या नावाकडे माणूस सहसा परत वळत नाही. ते भक्कम कारण चुकीचं होतं, हेच तुमचं रहस्य.

तसं कारण तुमच्या खर्ड्यात आयतंच पडलेलं आहे: डॉक्टरांचे "फार तर दोन तास". आणि तो कूलर.

मेलेल्या माणसाचं अंग गार पडतं ते भोवतालची हवा शरीरापेक्षा थंड असते म्हणून. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना दिवसभर तापलेल्या स्लॅबखालची बंद खोली मध्यरात्रीसुद्धा पस्तीस-छत्तीस अंशांवर असू शकते. जिवंत शरीर सदतीसच्या आसपास. म्हणजे अशा खोलीत कूलर बंद असेल तर देह तासन्‌तास गरमच राहील. डॉक्टरांनी हात लावला तेव्हा कूलर चालू होता, तो रात्रभर चालू होता असं सगळ्यांनी धरलं. गार खोलीत गरम देह, म्हणजे मृत्यू पहाटे साडेचार-पाचचा. तेव्हा पुतण्या अमरावतीत होता; रात्री साडेअकराला गणेशपेठ बसस्थानकावरून निघाला होता, तिकीट खिशात, मोबाईलचं लोकेशनही तेच सांगतं. सुटला.

खरं काय घडलं? रात्री अकराला त्याने उशीने काकाजींचा श्वास कोंडला आणि जाताना जिन्यातल्या बोर्डावरचं गच्चीचं एमसीबीचं बटण (खाली पडलं की लाईन बंद) खाली पाडलं. खोलीतला कूलर, पंखा, सगळं बंद. उन्हाळ्यात म्हातारा माणूस बंद खोलीत मेला, म्हणजे उष्माघात, असं सगळे म्हणतील हा त्याचा बेत. मोटरही त्याच बोर्डावर आहे. पहाटे साडेपाचला नळ आले, सून मोटर लावायला गेली, बटण पडलेलं दिसलं, "रात्री लाईट गेले असतील" म्हणून तिने वर केलं. कूलर सुरू झाला. त्याचा उष्माघाताचा बेत फसला आणि त्याने न मागितलेली अ‍ॅलिबी, म्हणजे खुनाच्या वेळी दुसरीकडे असल्याचा पुरावा, त्याला मिळाली. योगायोग खुन्याच्या सोयीचा असेल तर वाचक तो खपवून घेत नाही. इथे तो आधी त्याचा बेत मोडतो, मग त्याला वाचवतो, आणि शेवटी पकडून देतो, म्हणून चालेल.

पकडून देतो तो पाण्याने. साठ लिटरच्या टाकीचा कूलर कोरड्या हवेत तासाला पाचेक लिटर पाणी पितो असं धरा. रात्री नऊला काठोकाठ भरलेली टाकी सकाळी साडेसहापर्यंत पंचेचाळीस-सत्तेचाळीस लिटरने उतरायला हवी. पंधरा लिटरच्या तीन बादल्या, आणि सून रोज सकाळी तेवढ्याच ओतते. त्या दिवशी कूलर चालला नऊ ते अकरा आणि साडेपाच ते साडेसहा. तीन तास, एक बादली. शेरलॉक होम्सच्या १८९२ सालच्या एका गोष्टीत रात्री कुत्रा भुंकला नाही हाच पुरावा ठरतो. तुमच्याकडे पाणी उतरलं नाही हा पुरावा आहे. न घडलेली गोष्ट वाचकाच्या नजरेतून सगळ्यात सहज निसटते.

हे लिहायचं कसं? असं लिहिलंत तर घात होईल: "टाकी पाहून तिला आश्चर्य वाटलं. आज पाणी इतकं कमी कसं लागलं?" आश्चर्य हा शब्द म्हणजे वाचकाला मारलेला डोळा. त्याऐवजी:

"नळ जायच्या आत तिने भांडी भरली, मोटर बंद केली, तीन बादल्या भरून गच्चीत ठेवल्या. एक कूलरमध्ये ओतली. उरलेल्या दोन तुळशीला आणि मोगऱ्याला घालून ती दाराशी गेली. 'काकाजी, चहा ठेवला.' आतून हूं की चूं नाही."

दुवा इथे तीन आडोशांमागे आहे. तो कामांच्या रांगेत मधोमध आहे. यादीतली पहिली आणि शेवटची गोष्ट लक्षात राहते, मधली विरते. तो विचारातून नाही, कृतीतून आला आहे. आणि त्याच्यानंतर लगेच मोठी घटना घडते, त्यामुळे वाचकाला थांबून विचार करायला सवडच मिळत नाही. मात्र "रोज तीन बादल्या लागतात" ही माहिती आधी, दुसऱ्या प्रकरणात, वेगळ्याच निमित्ताने येऊ द्या. सून मुनीमाकडे तक्रार करेल, "नळ पाऊण तास, त्यात तीन बादल्या या कूलरलाच." एक अर्धा दुवा तिथे, एक अर्धा इथे. दोन्ही अर्धे एकाच पानावर ठेवले की कोडं उरत नाही. एक अर्धा दिलाच नाही तर अन्याय होतो. सूनेच्या मनात या दृश्यात शिरलात तर तिला खरंच काही वाटलं नव्हतं हेही पाळा. पात्राच्या मनातला विचार वाचकाला दाखवायचा आणि त्यातला सोयीचा तुकडा गाळायचा, हे करू नका. पुतण्याच्या मनात तर शेवटपर्यंत शिरूच नका.

दुसरा दुवा देहाच्या ताठरपणाचा. मृत्यूनंतर स्नायू आखडतात, आणि उष्ण हवेत ही क्रिया लवकर होते. दोन तासांपूर्वी गेलेल्या माणसाचे हातपाय सहसा पुरते ताठरलेले नसतात. साडेसात तासांनी ते चांगलेच ताठरतात. सून काकाजींचा दुमडलेला हात छातीवर नीट ठेवायला जाते, तो हलत नाही, आणि तिला वाटतं संधिवाताने धरलेला हात आहे. वाचकालाही तसंच वाटेल, जर पहिल्या प्रकरणात काकाजींना पेला धरताना त्रास होताना दाखवलंत तर. याला मी सगळ्यात प्रामाणिक चकवा म्हणेन: वस्तुस्थिती पूर्ण सांगितली, अर्थ पात्राने चुकीचा लावला.

इथे कुठे फसू शकतं तेही बघून ठेवा. शवविच्छेदन मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, झालं की तिथले डॉक्टर कपाळाला हात लावून वेळ सांगणार नाहीत. ते काही तासांचा पट्टा देतील, आणि ताठरपणाची नोंद अहवालात असेल. मग फौजदार पहिल्याच दिवशी पुतण्याला कसा सोडतो? अहवाल येईपर्यंत घरच्या डॉक्टरांचा शब्द चालतो असं दाखवा. अहवालात वेळेचा पट्टा रुंद असू द्या. खोली रात्रभर गार होती हे गृहीत धरूनच तो वाचला जातो, म्हणून फौजदार पहाटेच्या टोकाकडे झुकतो. त्याला मूर्ख करू नका. तपास करणारा माणूस चुकीच्या माहितीवरून बरोबर निष्कर्ष काढत असेल तर वाचक त्याच्यासोबत राहतो. गच्चीचं बटण आणि मोटर जिन्यातल्या एकाच बोर्डावर असल्याचंही पहिल्या पाचेक प्रकरणांत दिसलं पाहिजे. शेवटी फौजदाराने वायरिंग समजावून सांगितलं तर ते जबलपूरचं पत्रच झालं.

त्या पत्राला टाकून देऊ नका. ते मधल्या तिसऱ्या हिश्श्यात आणा आणि संशय मास्तरांकडे वळवा. फक्त चकव्यालाही स्वतःचं उत्तर हवं. मास्तर काहीतरी लपवत आहेतच, खून सोडून दुसरं: कदाचित काकाजींकडून घेतलेले आणि न फेडलेले पैसे. ते उघड झालं की वाचकाला एक छोटं कोडं सुटल्याचं समाधान मिळतं आणि मोठ्याची भूक वाढते. मुनीम राहू द्या. बिल्डर काढा. जुना वाडा आला की बिल्डर येणारच हे वाचकाला इतकं पाठ आहे, की तो त्याच्यावर क्षणभरही संशय घेणार नाही. वीस-पंचवीस पानं कमी होतील.

एक छोटी पण नागपूरकरांच्या डोळ्यात खुपणारी गोष्ट. त्या रात्री काकाजी "नुकतीच झाडावरून आलेली" संत्री सोलतात असं आराखड्यात आहे. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे निघतात, मृग बहाराची साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. मे महिन्यात, तेही संत्र्यांच्या अडत्याच्या घरात, ताजं संत्रं दिसलं की इथला वाचक ताठ होऊन बसेल आणि तोच मोठा दुवा समजेल. चुकून पडलेला दुवा खऱ्या दुव्यांचा विश्वास घालवतो. कैरीचं पन्हं द्या.

शेवटच्या प्रकरणात पुतण्या सगळ्यांसमोर, फौजदारापुढे, गुन्हा कबूल करतो. नाट्य म्हणून ठीक, पण पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यातही नव्हती, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही नाही. त्यामुळे कबुलीवर कथा संपवली की जाणत्या वाचकाला वाटतं, हा सुटणार. बादल्या, ताठरलेला हात, बोर्ड, असे दुवे एकाला एक जुळत गेले पाहिजेत, कबुली नसली तरी चालेल इतके. आणि कथा १ जुलै २०२४ नंतरची असेल तर खुनाचं कलम भारतीय न्याय संहितेचं १०३ लिहा, ३०२ नव्हे.

उकल आठ-दहा पानांच्या वर नको. ती फौजदाराच्या तोंडी भाषण म्हणून देण्यापेक्षा सूनेला बोलू द्या. फौजदार विचारतो, "त्या दिवशी तुळशीला पाणी कुठलं घातलंत?" आणि उत्तर देता देता तिचं तिलाच कळतं. वाचकाला त्याच क्षणी, तिच्याबरोबर कळलं पाहिजे. बटण आपणच वर केलं, आपल्यामुळे तो सुटला होता, हेही तिला तिथेच कळतं. नंतर बेड्यांवर संपवू नका. दोन-तीन पानं वाड्यात थांबा. कोणी आणि कसं हे कळल्यावर वाचकाला "का" हवं असतं, आणि पुतण्याचं का तुमच्या आराखड्यात फक्त "इस्टेट" या एका शब्दात आहे. काकाजींनी त्याला लहानपणापासून सांभाळलं असं तुम्हीच लिहिलं आहे. मग रोज हात पसरावा लागणाऱ्या माणसाच्या मनात काय साठत गेलं, ते पहिल्या प्रकरणापासून दिसू द्या: त्याला कळमन्याच्या बाजारातल्या हिशोबात एकदा सगळ्यांसमोर चोर ठरवलं होतं, असं काही. दुवे बुद्धीला पटतात, हे मनाला पटलं पाहिजे.

खर्डा झाला की पुन्हा वाचायला द्याल, पण जुन्या पाच जणांना नको. पहिलं वाचन एकदाच होतं. नवे सहा वाचक शोधा आणि त्यांना पाव, निम्म्या आणि पाऊण भागाला थांबायला सांगा. दर वेळी एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: कोणावर संशय, कशावरून, आणि दहापैकी किती खात्री. नावापेक्षा "कशावरून" नीट वाचा. निम्म्यावर सगळ्यांनी पुतण्या लिहिला आणि कारण "फारच गोड बोलतो" असं असेल, तर तुमचा हात अजून दिसतोय. एकाने "कूलरवरून" लिहिलं तर घाबरू नका, तो तुमचा सर्वात सुखी वाचक ठरेल. पाऊण भागाला सहापैकी एकाच्याही कागदावर पुतण्याचं नाव नसेल, तर दुवे फार पुसट आहेत. सहापैकी एक-दोघांनी नाव ओळखावं पण रीत सांगता येऊ नये, एवढं जमलं तर पुरे. "आवडलं का" हे विचारूच नका. ओळखीची माणसं हो म्हणतात.

भाचा मात्र यातून वगळू नका. खुनी कोण हे त्याला ठाऊक आहे, त्यामुळे संशयाच्या परीक्षेला तो चालणार नाही, पण "कसं" या प्रश्नावर तो आधीच एकदा शेवटपर्यंत थांबला आहे. नवा खर्डा त्याला सगळ्यात शेवटी द्या, उकलीची दहा पानं काढून. त्याला पुतण्याची रीत लिहून काढायला सांगा, आणि बादल्यांची ओळ कोणत्या प्रकरणात होती ते मागची पानं न उलटता आठवतं का, एवढं विचारा.